हाराखालचा कपलर

मी पदवीपर्यंत पोचलो तो सप्रे मास्तरांमुळे. आमच्या हिंदीभाषक शहरात, सीपरी बाज़ारातल्या त्यांच्या घरी मी गणित शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. चिरगाँवच्या अलीकडे रस्त्याकडेला उभा होतो, तेव्हा पहिली आठवण त्यांचीच झाली.

आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रकच्या चॅसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, छोट्या मोटरहोम बांधतात. चाकांवरची एक खोलीच. सिविल लाइंसच्या एका डॉक्टरांनी तशी एक घेतली, शिवाय मागून जीप नेणारा ट्रेलर.

हेडमिस्त्री पूरन भैयांनी ट्रेलर जोडला. ट्रेलरचा कपलर, म्हणजे पुढची लोखंडी वाटी, गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसतो आणि आत कडी अडकते. कधी ती अर्धीच अडकते. वरून कळत नाही. म्हणून जोडाखाली जॅक लावून उचलायचं. गाडीचं मागचं अंगही सोबत वर आलं, तर जोड पक्का. ही तपासणी इंजिनीअरची, म्हणजे माझी.

त्याआधीच डॉक्टरांच्या आईंनी पूजा केली. कपलरवर झेंडूचा जाड हार पडला.

"सर जी, जैक लगाकर देख लीजिए, फिर साइन कीजिए," पूरन भैया म्हणाले.

"माताजी सामने खड़ी हैं, भैया. हार कौन हटाए?"

मी चेकशीटवर, म्हणजे तपासणीच्या कागदावर, सही केली.

चिरगाँवच्या रस्त्यानं ट्रायलला निघालो. स्टीअरिंगवर मी, शेजारी डॉक्टर. एका गतिरोधकावर गाडी उडाली. भारी चॅसिसला मागचं काही जाणवत नाही. मलाही जाणवलं नाही. आरशात पाहिलं, तर आमचाच ट्रेलर उजवीकडे आडवा येत होता. समोरून बस.

"अरे, ये तो हमारी जीप है!" डॉक्टर ओरडले.

बसवाल्यानं बस कच्च्यात उतरवली. ट्रेलर सुरक्षेच्या साखळीवर लटकून राहिला. कोणाला खरचटलंही नाही.

परतल्यावर वर्कशॉपचे मालक, आमचे साहेब, पूरन भैयांवर तुटून पडले. "बीस साल से यही सीखा है? कल से मत आना!" पूरन भैयांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"साहब, जैक मैंने नहीं लगाया," मी म्हणालो. आवाज माझाच होता, यावर विश्वास बसेना. स्वतः हात लावून पाहिलेल्या गोष्टीपुढेच चेकशीटवर सही करावी, एवढंच मी त्या दिवशी शिकलो. चार वर्षांच्या कॉलेजात ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना पत्र टाकलं:

"ती. मास्तरांस सा. न.
तुम्ही शिकवलेल्या मुलानं न तपासता सही केली. एक बस भरून माणसं थोडक्यात वाचली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो आहे. पूरन भैयांची नोकरी राहिली. साहेबांनी मला ट्रायलवरून काढून भैयांच्या हाताखाली दिलं आहे. आज त्यांनी एकच कपलर माझ्याकडून अकरा वेळा जोडून घेतला. दहाव्यांदाही कडी अर्धीच होती.
आपला,
विनायक"