बरणीतला निशिगंध

बाबा गेल्यावर मी आईला रोह्याहून पेणला आमच्या फ्लॅटवर आणलं, पण ती काही रमेना. भांडत नव्हती, रडत नव्हती. नुसती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकून बसायची. मला त्याचीच धास्ती वाटायची. रोह्याच्या घरात तिने एकटीने राहावं हे मला पटत नव्हतं, आणि तिचं मन तर तिथेच होतं.

तिथे मागच्या दारी तगर होती, अनंत होता, जास्वंद होती. आमच्या खिडकीत हायवेची धूळ. म्हणून ठरवलं, तिच्या खोलीत ताजी फुलं ठेवायची. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्याकडे फूल एक तर देवाला, नाही तर केसांत. पाण्यात उभं करून नुसतं बघत बसण्याची चैन कोणी केलीच नव्हती. बाजारात फुलवालीकडे सगळी खुडलेली फुलं, वजनावर. लांब देठांची हवीत म्हटल्यावर तिने मला आधी वेड्यात काढलं. पण दुसऱ्या दिवशी शेवंती आणि निशिगंधाच्या काड्या आणून ठेवल्या.

फुलदाणी नव्हती. लोणच्याची चिनी मातीची बरणी रिकामी होती, तीच घेतली. मोबाइलवर बघून देठ तिरके कापले, पाण्यात बुडतील ती पानं काढली, उंच काड्या मागे आणि शेवंती पुढे लावली. सगळ्यांनी एकाच बाजूला माना टाकल्या. मग बरणीच्या तोंडात आडव्या-उभ्या काटक्या अडकवल्या, तेव्हा कुठे फुलं जागेवर राहिली. मी स्वतःवरच खूश झाले.

सकाळी उठून बघते तो बरणी धुऊन पालथी घातलेली आणि फुलं निर्माल्याच्या पिशवीत.

"कालची होती गो," आई म्हणाली. "कालची फुलं घरात ठेवतात काय?"

तिचंही खरंच होतं. जन्मभर तिने सकाळी उठून देव्हाऱ्यातली कालची फुलं उतरवली होती आणि मगच नवी वाहिली होती. फुलाचं आयुष्य एका दिवसाचं, एवढंच तिला ठाऊक. पण माझी सगळी मेहनत पिशवीत गेलेली, मी चिडलेच.

"अगं, ती देवाची नव्हती."

"मग कोणाची?"

"तुझी."

पुढच्या खेपेला मात्र तिने फुलांना हात लावला नाही. निशिगंध खालून वर उमलत जातो हे मी कधी पाहिलं नव्हतं, आईनेच दाखवलं. "ही बघ, काल मिटलेली होती," असं रोज सकाळी सांगायची. हळूहळू बरणी तिच्याच ताब्यात गेली. पाणी बदलणं, देठ जरासं पुन्हा कापणं, सुकलेलं फूल अलगद खुडणं. वर माझ्या मांडणीला नावं ठेवायची: "किती कोंबलीस? लग्नाचा मांडव हाय काय? जरा वारा जाऊ दे मधून."

तरी एक दिवस तिने पिशवी भरलीच. झाडं बघून येते म्हणाली. "परत कधी?" विचारलं, तर तिने नुकत्याच भरलेल्या बरणीकडे पाहिलं.

"ही उमलून संपली की येते."

झालं! फुलं टिकावीत म्हणून धडपडणारी मी आता ती कधी सुकतात याची वाट बघायला लागले. बरणी उन्हात ठेवावी असंही मनात आलं. पण रोज सकाळी तिचा फोन यायचा, "पाणी बदललंस काय?" आणि मी निमूटपणे बदलायची. शेवटी शेंड्याच्या कळ्या तेवढ्या राहिल्या असताना मला राहवेना. सांगून टाकलं, "संपली."

"इतक्यात? देठ कापलं नसशील," असं कुरकुरत ती दुसऱ्या दिवशी गाडीने आली, ओल्या फडक्यात तगर आणि अनंताच्या फांद्या घेऊन. चप्पल काढता काढता तिची नजर बरणीकडे गेली.

"ही काय, उमलत्ये अजून," म्हणाली आणि हसली. बाबा गेल्यानंतर ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्या दिवशी खुर्चीत पाठ टेकून बसली आणि चहा मागितला.

पुढे तोच रिवाज झाला. बरणी भरून रोह्याला जायची, फुलं सुकली की यायची. मी दर वेळी थोडी लवकरच सुकवायची, आणि तिला ते माहीत असायचं.

आता आई नाही. बरणी तीच आहे, निशिगंध अजूनही आणते. पाणी रोज बदलते, देठ कापते, बरणी उन्हापासून लांब ठेवते. आता फुलं जितकी टिकतील तितकी मला हवी असतात. सुकली की सांगायला कोणी नाही.