राजा लांब होता

नोव्हेंबरातला पहिला शुक्रवार, सकाळी दहा. कुवेतमधल्या अहमदीतलं आमचं घर. हजर: दोन नर्स, रिफायनरीतले एक टेक्निशियन, रायगडकडचे अत्तरवाले चाचा, तेरा मुलं, इथल्या मराठी मंडळाची कार्यवाह म्हणून मी, आणि बाई.

बाई शाळेत नववीला इतिहास शिकवायच्या आणि शुक्रवारी आमच्या मुलांना मराठी. अमेरिकेतल्या वसाहती का फुटल्या, हे त्या खिडकीबाहेर बोट रोखून सांगायच्या, "राजा दुष्ट होता म्हणून नव्हे रे. लांब होता, आणि विचारत नव्हता."

आमचा राजा पुण्यात होता. अण्णांनी मंडळ काढलं, निवृत्त होऊन परत गेले, आणि जाताना अध्यक्षपद सोबत घेऊन गेले. असे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. नाटक कुठलं, मोदक किती, सगळं फोनवरून ठरायचं. त्या आठवड्यात हुकूम आला: मराठीचा वर्ग यापुढे रविवारी सकाळी, म्हणजे त्यांना व्हिडिओवर बघता येईल. इथे रविवारी शाळा असते. इतकी वर्षं इथे काढून अण्णा आमची शुक्रवारची सुट्टी विसरले होते. रविवारी वर्गाला एकही मूल आलं नसतं.

बाईंनी अण्णांना पाठवायच्या पत्राची सात कलमं सांगितली, मी लिहून घेतली.

"शेवटी 'परवानगी द्यावी' लिहू?" मी विचारलं.

"मागत नाही आहोत. कळवतोय."

चाचांनी पहिली सही केली. "बाई, माझं दुकान तेवढं सांभाळा, अण्णा फौज पाठवतील."

पत्राचा फोटो गेला आणि पाच मिनिटांत फोन आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"वाळूत उभं केलंय मी हे मंडळ."

"केलंत, अण्णा. म्हणून पहिलं कलम आभाराचं आहे. उरलेली सहाही वाचा."

फोन बंद झाला.

"मिस, डिड वी विन?" माझ्या मुलीने विचारलं.

"मराठीत विचार."

"आपण जिंकलो का?"

"वही काढ. शुक्रवार आहे."

वर्ग शुक्रवारीच राहिला. अध्यक्ष आम्ही हात वर करून इथलाच निवडला.

जूनमध्ये बाई निवृत्त झाल्या, व्हिसा संपला, रत्नागिरीला गेल्या. वर्ग कोणाकडे द्यायचा म्हणून मी फोन केला. माझ्याकडे दोन नावं होती. त्यांनी दोन्ही ऐकली, तेराही मुलांची चौकशी केली.

"बाई, तुम्ही एक नाव सांगा ना."

"मी आता लांब आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवा."

कार्यवाह म्हणून माझ्या यादीतली बाकीची कामं झाली. एवढं एकच उरलंय: शुक्रवारच्या वर्गाला शिक्षक ठरवणे.