सुभेदार, पाय काढा

पाटण मागे पडलं की मी नाकाने रस्ता बघायचे. जळल्याचा वास आला रे आला की मी खिडकीची काच खाली करायचे. ब्रेकचा जळका वास वेगळा आणि क्लचचा वेगळा, हे मराठी शिकवणाऱ्या बाईला कळायची खरं तर काही गरज नव्हती, पण त्या वर्षी ते मला कळायला लागलं होतं.

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं होती. कोयनानगरला धरणाच्या वसाहतीतल्या शाळेत मी नुकतीच लागले होते. घर इस्लामपूरजवळच्या गावात. शनिवारी मी एसटीने घरी यायचे आणि रविवारी दुपारी आण्णा, म्हणजे माझे वडील, मला गाडीने परत सोडायचे. जायला एसटी होतीच, पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती. "मग गाडी काय पूजंला ठिवलीया?" असं विचारून ते मोकळे व्हायचे. सैन्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं ट्रक चालवला होता, तोही बर्फातल्या घाटांत. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण गाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि गावाची ती चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नाही. परत आल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. ऊस बघायला गाडी, दाढीला गाडी, दोन गल्ल्या सोडून लग्न असलं तरी गाडी. गाडीतून उतरले की आण्णा मला चार बोटं बुटके वाटायचे.

म्हणूनच माझ्या मनात जे होतं ते मी कुणाजवळ बोलत नव्हते. आण्णांना आता गाडी नीट चालवता येत नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

पुरावा एकच. आठ महिन्यांपूर्वी क्लचप्लेट नवी टाकली होती आणि आता पुन्हा तोच वास. आण्णांचं निदान तयार असायचं. आधी खापर उसाच्या ट्रॉल्यांवर फुटलं. "ह्यांच्या मागं हाफ क्लचवर रांगायचं म्हंजी प्लेटचं वाटोळंच." मग हंगाम संपला, ट्रॉल्या गेल्या, वास राहिला. तेव्हा पाळी प्लेट बसवणाऱ्या मिस्त्रींची आली. "जुनीच प्लेट बसवली गड्यानं. लष्करात असता तर कोर्टमार्शल केलं असतं."

त्या रविवारी पाटणच्या पुढच्या एका चढावर इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि गाडी मात्र मंदावत गेली. आण्णांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज वाढला, वेग आणखी कमी झाला. मागे लाकडं भरलेला ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. गाडी क्षणभर जागच्या जागी थांबली आणि मागे सरकायला लागली. आण्णांनी ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला. मी खाली उडी टाकून दगड शोधला, चाकामागे सारला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ट्रकवाला बाजूने पुढे गेला. जाता जाता त्याने आण्णांकडे बघून मान हलवली, आणि आण्णांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला गाडीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

गाडी कशीबशी उताराकडे वळवून आम्ही परत निघालो. सपाटीवर ती काहीच झालं नसल्यासारखी चालत होती. घरी आल्यावर मी मुख्याध्यापकांच्या घरी फोन करून दोन दिवसांची रजा मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इस्लामपूरला मिस्त्रींच्या गॅरेजवर. मिस्त्री चाळिशीचे, कमी बोलणारे, चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली. आण्णा गाडीतून उतरायच्या आधीच सुरू झाले. "आत काय बसवलं हुतंस रं?" मिस्त्री सरळ गाडीत बसले, हँडब्रेक ओढला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच हळूहळू सोडला. आण्णा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते म्हणून मिस्त्रींनी मलाच समजावलं, "क्लच धड आसल तर आता इंजिन गचका खाऊन बंद पडाय पायजे." इंजिन आपलं चालूच होतं. "बगा. प्लेट धरतच न्हाई."

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली आला. प्लेटवरचा थर पार रिबिटापर्यंत खाल्ला गेला होता आणि तिला दाबून धरणारी लोखंडी चकती तापून तापून निळी पडली होती. मिस्त्रींनी प्लेट फडक्याने पुसली आणि आण्णांपुढे धरली. मधोमध ठोकलेली तीन टिंबं होती. "माजीच हाय, सुभेदार. बसवताना परत्येक प्लेटीवर म्या ही खूण ठोकतो. लोकं म्हंत्यात, जुनीच घातली."

आण्णांनी ती दोनदा उलटीपालटी केली. "मग घासली कशी?"

"गाडी कोन कोन चालवतंय?"

"म्या एकटा."

मिस्त्रींनी मान खाली घातली आणि आधीच स्वच्छ असलेला पाना पुसायला लागले. त्यांना कारण कळलेलं होतं, हे मला दिसत होतं. पण बर्फात ट्रक चालवलेल्या माणसाला गाडी चालवायची अक्कल शिकवणार कोण? मला रागच आला त्यांचा. मग माझा आला. वर्गात पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढताना माझा हात कधी अडत नाही, आणि इथे मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

मंगळवारी नवी प्लेट बसली. मिस्त्री म्हणाले, "सुभेदार, एक चक्कर मारू. म्या बाजूला बसतो." मी मागे बसले. पेठच्या दिशेने सरळ रस्ता होता. दुसरा, तिसरा, चौथा गिअर अगदी लोण्यासारखा पडला. आण्णांचा चेहरा उजळला, त्यांनी खिडकीवर कोपर टेकवलं. मिस्त्री मात्र रस्त्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खाली, आण्णांच्या पायांकडे होती.

"सुभेदार, पाय काढा."

"काढलाय की."

"क्लचवरचा पाय काढा."

"आरं काढलाय म्हनतोय न्हवं."

मी दोन सीटच्या मधून वाकून पाहिलं. कॅनव्हासचा बूट घातलेला आण्णांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. पेडल चांगलं दोन बोटं खाली दबलेलं, म्हणजे प्लेट सतत घासतच होती. आण्णांचा खोटं बोलायचा आवाज मला ठाऊक आहे. चोरून गूळ खाल्ला की तो आवाज निघतो, थोडा चढा आणि फारच गोड. हा तो नव्हता. पाय काढलाय असं त्यांना खरोखर वाटत होतं.

"जरा कडंला घ्या," मिस्त्री म्हणाले. गाडी थांबल्यावर ते वळसा घालून आण्णांच्या बाजूला आले, दार उघडून वाकले आणि दोन्ही हातांनी तो पाय पेडलवरून उचलून खाली ठेवला. लांबून कुणाला वाटलं असतं, पाया पडतायत. आण्णा आपल्याच पायाकडे बघत राहिले. एसटीत न विचारता आपल्या मांडीवर ठेवलेल्या पिशवीकडे बघावं तसं.

मिस्त्रींनी बूट काढला. आतून उसाच्या बुडख्याची एक टोकदार कपची पडली. मोजा तळव्याला चिकटला होता आणि तिथे रक्त वाळून काळं झालं होतं.

"ही कवा टोचली?"

"कुठं काय टोचलंय?" आण्णा म्हणाले.

मिस्त्रींनी कपची उचलून बाजूला टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "माज्या बाला बी आसंच झालतं. साखरंनं."

आण्णांना साखर होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच मनावर घेतलं नव्हतं. आठवल्या तर गोळ्या घ्यायच्या. आईने टोकलं की म्हणायचे, "आपल्या तालुक्यात साखर न्हाई तर कुठं आसायची?" आणि आम्ही हसायचो. मीही हसायचे. आता त्या हसण्याची लाज वाटत होती. आणि लाजेच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो मात्र मला बसू देईना. डावा पाय क्लचचा. मग ब्रेकच्या पायाचं काय?

गाडी मिस्त्रींनीच चालवत घरी आणून सोडली. आण्णा बाजूच्या सीटवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. किल्ली मिस्त्रींनी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि खिशात टाकली.

रजा वाढवून घेऊन बुधवारी आम्ही एसटीने सांगलीला डॉक्टरांकडे निघालो. आण्णांनी हट्टाने ड्रायव्हरच्या मागची जागा धरली होती आणि त्याच्या प्रत्येक गिअरला मान डोलवत होते. आष्टा गेल्यावर ते माझ्या कानाशी आले. "डावा जरा सुन्न आसल, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर उजवा ठणठणीत हाय. ब्रेक उजव्यानंच मारतो न्हवं? तेवढं डॉक्टरला नीट सांग. तू बोललीस की ऐकतील." मी हो म्हटलं. आयुष्यभर त्यांनी मला कसली विनवणी केली नव्हती. मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

डॉक्टर तरुण होते आणि फार सभ्य. आधी त्यांनी तळव्याची जखम धुऊन बांधली. मग आण्णांना टेबलावर आडवं केलं आणि कापसाचा एक पुंजका घेतला. "आजोबा, डोळे मिटा. कापूस लागला की 'लागला' म्हणायचं." डाव्या पायाच्या बोटांवरून कापूस फिरला, तळव्यावरून फिरला, घोट्याला लागला. आण्णा गप्प. नडगीच्या मध्यावर आल्यावर ते म्हणाले, "लागला." मी त्यांच्या उशाशी उभी होते. एवढी तरी जाण आहे, म्हणून मला बरं वाटलं. इतकी माझी अपेक्षा खाली आली होती.

"आता उजवा," डॉक्टर म्हणाले.

आण्णांनी डोळे आणखी घट्ट मिटले. चादर मुठीत धरली. कपाळाला आठ्या पडल्या.

"लागला," ते परेडच्या आवाजात म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "लागला. हां, आता बी लागला."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. कापूस त्यांच्या हातातच होता. त्यांनी अजून पायाला हात लावला नव्हता.