घायपाताची रांग

“तुमच्या बायकांना सवय असते. कुदळी त्यांच्याकडे द्या.”

टेकडी मंडळाच्या वसुधाताई हे मला म्हणाल्या. हसून म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या लेखी त्यात अपमान नव्हताच. रविवारची सकाळ होती. टेकडीच्या पायथ्याला, आमच्या वस्तीच्या बाजूला श्रमदान होतं. एकीकडे टेकडी मंडळाचे सभासद, सगळ्यांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या. दुसरीकडे मी बोलावून आणलेल्या वस्तीतल्या वीस-पंचवीस बायका. त्यांत माझी आई. रोज धुणीभांडी करणाऱ्या या बायकांनी त्या दिवशी कामावर खाडा केला होता. ज्यांच्या घरी खाडा केला, त्यातले काहीजण इथे टोप्या घालून उभे होते. ओळख मात्र कुणी दाखवली नाही.

जमीन मुरमाड. घाव घातला की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे. खड्डा झाला की एखादा सभासद यायचा, रोप ठेवायचा, मूठभर माती लोटायचा आणि फोटो काढून घ्यायचा. मंडळाची एक पद्धत आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं झाड लावायचं आणि शेजारी पाटी रोवायची. आईवडिलांच्या नावाच्या पाट्या आहेत. एका कुत्र्याच्या नावाचीही आहे.

आईनं कपाळावरचा घाम पुसला आणि वसुधाताईंना विचारलं, “ताई, आमच्या मालकांच्या नावानं एक लावू का? खड्डा मीच खणते.”

“अहो मावशी, ते सभासदांसाठी असतं.”

आईनं मान हलवली आणि पुढचा खड्डा घेतला. मी तिथेच उभी होते.

मग पोहे. सभासद कातळावर बसले, स्टीलच्या ताटल्या घेऊन. बायकांना कागदी द्रोण. “तुम्ही तिकडे सावलीत बसा ना,” असं प्रेमानं सांगितलं. सावली दोन्हीकडे होती. मला मात्र कातळावर जागा होती. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, बोलणं शुद्ध आहे. पहिल्या भेटीत वसुधाताईंनी आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, “वाटत नाही हो तुमच्याकडे बघून.” मी हसले होते. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

हे सगळं कशासाठी गिळलं, तेही सांगते. वस्तीतून एक पायवाट टेकडीवर चढते आणि पलीकडे सोसायट्यांमध्ये उतरते. ती कुणी आखलेली नाही, कामाला जाणाऱ्या बायकांच्या टाचांनी पडलेली आहे. लग्न होऊन आल्यापासून आई तिथूनच कामाला जाते. टेकडीला वळसा घालायचा तर स्वारगेटला बस बदलावी लागते आणि निम्मी सकाळ रस्त्यातच जाते. आमची पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी त्याच वाटेवर धावतात. म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी वर जाऊन बसायचं असतं, कारण खाली वस्तीत वारा नाही. आम्हीही नुसतं फिरायला, मोकळं व्हायला टेकडीवर जातो, हे मंडळाच्या डोक्यात कधी आलं नाही. त्यांच्या मते आम्ही वर जातो ते परसाकडे.

अशात महापालिकेचं टेकडीतून मोठा रस्ता काढायचं घाटत होतं. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, स्वतः आमच्या बुद्धविहारात आले. चपला काढून सतरंजीवर बसले. “टेकडी सगळ्यांची आहे. आपण आघाडी करू. रस्ता थांबवू आणि पायवाटा सार्वजनिक म्हणून कायम करून घेऊ. नुसते आम्ही गेलो तर बंगलेवाले म्हणून उडवून लावतात. तुम्ही बरोबर असाल तर महापालिकेला ऐकावं लागेल.”

माझा विश्वास बसला. मी दारोदार फिरले. बायका माझ्या शब्दावर आल्या.

श्रमदानाच्या शेवटी सगळ्यात खालची रांग राहिली होती, वस्तीच्या कडेनं. तिथे पाट्यांची झाडं नव्हती. घायपात लावायचा होता, टोकाला काटे असलेला, तलवारीसारख्या पानांचा. पायवाटेच्या तोंडाशी तेवढी जागा मोकळी सोडली होती. आईनं विचारलं, हे कशाला? “माती धरून ठेवतो,” अध्यक्ष म्हणाले. मग उन्हाळाभर बायकांनी त्या घायपाताला हंड्यानं पाणी घातलं. आमच्या नळाचं, जे धड आम्हालाच पुरत नाही.

पावसाळा संपल्यावर महापालिकेचे अधिकारी पाहणीला आले. आदल्या दिवशी वसुधाताईंचा मला फोन. “जरा बऱ्या साड्या नेसून या म्हणावं.” बायका आल्या. त्यांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं. आईच्या हातात फलक दिला, ‘टेकडी सर्वांची’. अध्यक्षांनी मोठा नकाशा उलगडला आणि अधिकाऱ्यांना समजावू लागले.

“पायवाटा अशा. फाटकं दोन, एक सोसायटीकडून, एक कॉलेजकडून. वेळ सकाळी पाच ते नऊ. आणि वस्तीची ही बाजू कायमची बंद. दारू, घाण, चोऱ्या, सगळं इथूनच वर येतं. हरित कुंपण आम्ही लावलेलंच आहे. मधली मोकळी जागा तेवढी तारेनं बंद करायची.”

अधिकाऱ्यांनी बायकांकडे पाहिलं. “यांची हरकत नाही?”

वसुधाताई म्हणाल्या, “हरकत कसली? त्यांनीच तर खड्डे खणलेत.”

आईनं फलक खाली केला. तिला नकाशा वाचता येत नाही. पण ‘ही बाजू बंद’ एवढं मराठी तिला कळतं. माझा आवाज फुटेल की नाही याची भीती वाटत होती. फुटला.

“साहेब, हरकत आहे.”

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. “आत्ता नाही, प्लीज. आपलं आपण नंतर बघू.”

“आपलं म्हणजे कुणाचं?” मी म्हटलं. मग अधिकाऱ्यांना सांगितलं, “वस्तीचा या प्रस्तावाला पाठिंबा नाही. रस्ता नको, आणि हे कुंपणही नको.”

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. “आधी तुमचं आपसात ठरवा.” गाडीत बसले आणि गेले.

वसुधाताईंचा चेहरा लाल झाला होता. “आम्ही तुम्हाला मांडीला मांडी लावून बसवलं. शेवटी जात दाखवलीत ना.”

 हिरव्या टोप्यांतल्या एकानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि तो झाडीत पक्षी शोधू लागला.

“दाखवली,” मी म्हटलं. “नीट बघून घ्या.”

दुसऱ्या दिवशी आईची दोन घरं सुटली. ‘मावशी, उद्यापासून नको.’ मला वाटलं, ती मला बोल लावेल. ती म्हणाली, “काम दुसरं मिळंल. वाट गेली तर मिळायची न्हाई.” त्याच आठवड्यात बायकांनी घायपाताची अख्खी रांग उपटली. काट्यांनी हात फाटले. मी पट्ट्या बांधल्या.

आता आघाडी आम्ही बांधतोय. भरतीची पोरं-पोरी आलीत. टेकडीमागच्या गावचे शेतकरी आलेत, त्यांची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच चरली. त्यांचे म्हातारे पाटील पहिल्या दिवशी विहाराच्या बाहेरच उभे राहिले. “आमालाबी मंडळवाले गेटातनंच सोडणार हायत व्हय? काय सह्या पायजेत त्या हितंच घे, पोरी.”

मी म्हटलं, “आत बसणार असाल तर आघाडी. नाहीतर नमस्कार.”

 मग चपला काढल्या, आत आले. चहा घेतला.

मंडळाच्या अध्यक्षांचा परवा फोन आला. रस्त्याची सुनावणी जवळ येतेय. “झालं गेलं विसरू,” म्हणाले. मी सांगितलं, आधी नकाशात आमच्या बाजूलाही फाटक दाखवा, मग बोलू. म्हणाले, सभासदांना विचारतो. अजून विचारतायत.

मी त्यांच्यासाठी थांबलेली नाही. सुनावणीला आम्ही दोन हरकती देणार, एक रस्त्यावर आणि एक कुंपणावर. लोक म्हणतात, भांडत बसलात तर रस्ता होईल. झाला तर बुलडोझरपुढे आधी आम्हीच बसू, टोप्या तिथे दिसणार नाहीत. पण आमची वाट बंद करून जी टेकडी वाचणार असेल, ती मी वाचवणार नाही.