अर्धवट राहिलेला खून

माझी बायको इंदू एक खून अर्धवट टाकून गेली.

आदल्या दुपारी आम्ही मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. म्हणजे मी बांधत होतो, ती मोठ्यानं पुस्तक वाचत होती. (ती सातवी पास, मी दुसरी नापास. आमच्याकडं वाचणं आणि बोलणं, दोन्ही खाती तिचीच.) पुस्तकात जुन्या काळच्या किल्ल्यावरची चिमा नावाची सोळा वर्षांची पोरगी. किल्लेदाराला विष कोणी घातलं ते शोधायला दोर टाकून बुरूज उतरत होती.

"पोरगी हाय का घोरपड?" मी म्हणालो.

"तुमच्यासारखे चार गडी विकून खाईल ती! जुडी घट्ट बांधा."

"वैद्यानंच मारला. लिहून ठेव."

"वैद्य नाय! चिमाला कळलंय, पण सांगंना. दहाच पानं राहिलीत. उद्या वाचू."

पहाटे ती उठलीच नाही. तिकडं चिमा बुरजावर लोंबकळत, इकडं मी.

दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला. कावळा शिवला की मेलेल्या माणसाची इच्छा राहिली नाही, असं आम्ही मानतो. कावळे मोप होते. शेजारच्या पिंडावर तर पंगत बसली होती! आमच्याकडं एक ढुंकून बघंना. हिचं काय राहिलं माझ्याकडं?

मेव्हणा पुढं झाला. "अक्के, दाजींना मी सांभाळतो!"

कावळ्यानं पाठ फिरवली. (पक्षी माणसं ओळखतो.)

सून म्हणाली, "आई, अण्णांची तंबाखू मी सोडवते!"

त्यावर एक कावळा उडूनच गेला. (इंदीला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.)

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून उरकू का?"

"थांबा!" मी ओरडलो. "इंदे, चिमा खुन्याला कशी धरते ते वाचून सांगतो! मी स्वतः!"

कावळा टुणकन आला आणि भाताचा अख्खा मुटका घेऊन गेला!

शेजारच्या पिंडाचे लोक विचारायला लागले, "आजोबा, कोण निघाला खुनी?"

मेव्हणा कानाशी लागला. "दाजी, मेलात! तुम्हाला बसची पाटी वाचता येत नाय!"

सून म्हणाली, "मी वाचते ना."

"नाय. 'स्वतः' म्हणालोय. कावळ्यानं ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर इंदीच्या फोटोपुढं पुस्तक घेऊन बसलो. खुनी शेवटाला सापडतो, मग दहा पानं कशाला? थेट शेवटचं पान धरलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत, घाम गाळत, दहाच्या सुमाराला माणूस हाती लागला. नाव, आडनाव, पत्त्यासकट!

"इंदे, तुझं खरं. वैद्य नव्हताच," म्हणालो आणि डोळे भरून आले. मग सुनेला हाक मारली. "हा बघ हरामखोर!"

तिनं पान पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अण्णा, हा पुस्तक छापणारा आहे!"

तोवर मी इंदीला त्याचा गाळा नंबरसुद्धा सांगून बसलो होतो.