परक्या हाताची धार

सुरीवाल्याचा सख्ख्या भावावरही विश्वास नव्हता. त्याने घडवलेल्या सुरीला दुसऱ्या कुणी धार लावली, की तो त्या गिऱ्हाइकाला पुन्हा दारात उभं करत नसे. आज खाटकाच्या सुरीच्या धारेचा उतार उजेडात पाहताच त्याचं डोकं सणकलं.

"ही धार माझी नाही. कुठे शेण खायला गेला होतास?"

"काका, आईशप्पथ, तुमच्याकडूनच लावून नेली!"

"मला शेंडी लावतोस?"

मागे बायको तयार सुऱ्या कागदात गुंडाळत होती. तिची बोटं धार लावायच्या दगडाच्या गाळाने काळी झाली होती.

"त्याला कशाला बोलता?" ती म्हणाली. "तुमचा हात थरथरतो. गुंडाळण्याआधी प्रत्येक सुरी मीच पुन्हा घासते."

सुरीवाल्याने दोन्ही हात खिशात कोंबले आणि खाटकावरच खेकसला, "बघतोस काय? घेऊन जा. आणि खबरदार, दुसरीकडे नेलीस तर!"