तांबी आणि मोहाखालची आग

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं मी देवरीकडच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स होते; दिवस राहू नयेत म्हणून बायकांना तांबी बसवणं, गोळ्या देणं हेही माझ्याकडेच होतं. मोहफुलं पडायला लागली की गावातल्या बायका पहाटेच जंगलात जात. झाडाखालचा पाला पेटवला की जमीन साफ होते, फुलं पटकन वेचून होतात. ज्यांचं लेकरू अंगावर पीत असे, त्यांना तर घरी परतायची घाईच. पण ती आग पसरायची. रानकोंबड्यांची अंडी जळायची. एकदा सशाची पिल्लं जळालेली मी स्वतः पाहिली.

आमच्याकडचा नाकेदार, म्हणजे वनरक्षक, मला म्हणाला, "बाई, मीटिंग एकत्रच घेऊ. तुम्ही तांबीचं सांगा, मी आगीचं सांगतो." वनखात्याची जीप मिळणार होती. मी हो म्हटलं.

मीटिंगमध्ये तो बोलून गेला, लेकरं कमी झाली तर जंगलाला होणारा त्रासही कमी होईल. कडेवर पोर घेतलेली एक बाई उठली. "वाघ वाढवाले पायजेत, अन् आमचे लेकरं कमी कराले सांगून राहिले? काऊन?"

बायका उठून गेल्या. माझ्याकडून गोळ्या नेणाऱ्या दोघी-तिघीही पुढे येईनाशा झाल्या. वनखात्याच्या जीपमधून त्यांच्यासमोर उतरायला नको होतं, हे मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांनी मी एकटीच, पायी त्या बाईच्या घरी गेले. ती तांदूळ पाखडत होती. "जंगलाचं बोलायला नाही आले," मी म्हटलं. "तुला अजून लेकरं पायजेत का, एवढंच विचारते."

तिनं आधी सासू कुठं आहे ते पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तीन झाले. बस झाले. पन आतावरी मले कोनी इचारलंच नाई."

पुढच्या आठवड्यात जावेला घेऊन ती उपकेंद्रात आली. तांबी बसवल्यावर मोळी उचलता येईल का, हा तिचा एकच प्रश्न. चार दिवस थांब, मग उचल, असं मी सांगितलं. हळूहळू बाकीच्याही येऊ लागल्या.

तीन-चार वर्षांनी मोहाच्या दिवसांत ती मला जंगलाच्या वाटेवर दिसली. झाडाखालचा पाला खराट्यानं झाडत होती.

"पेटवला नाहीस?"

"घाई कायची? घरी कोनी रडून नाई राहिलं आता."

पलीकडे दुसऱ्या झाडाखाली धूर निघत होताच. खराटा घेऊन ती तिकडे ओरडत गेली.

नाकेदारानं हे सगळं आपल्या साहेबांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी त्याला म्हटलं, "सांगा, पण तिच्यासमोर नको. तिनं तांबी जंगलासाठी नाही बसवली."